ज्वालामुखीच्या कडेवरचे गाव : आओगाशिमा

नकाशेवाला

तोक्यो महानगराच्या हद्दीत एक असे गाव आहे, जिथे २०२०च्या जनगणनेत अवघी १६९ माणसे मोजली गेली. आओगाशिमा हे त्याचे नाव. बेटाचे नावही तेच, कारण बेटावर दुसरे गावच नाही. जपानमधील सर्व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये लोकसंख्येने हे सर्वात लहान गाव आहे. कागदोपत्री ते तोक्योत असले, तरी तोक्यो शहरापासून ते दक्षिणेला सुमारे ३५८ किलोमीटरवर, भर पॅसिफिकमध्ये आहे. सर्वात जवळचा शेजार म्हणजे हाचिजोजिमा हे बेट, आणि तेही साधारण ७० किलोमीटर दूर आहे.

गेले काही महिने मी या बेटाचे नकाशे पाहतो आहे आणि त्यातून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढतो.

आधी बेटाचा आकार समजून घेऊ. उत्तर-दक्षिण साडेतीन किलोमीटर, पूर्व-पश्चिम अडीच किलोमीटर, क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरला किंचित कमी. पॅसिफिक भूपट्ट फिलिपीन समुद्राच्या भूपट्टाखाली सरकत जातो, त्या रेषेला समांतर इझू बेटांची आणि त्यापुढे ओगासावारा बेटांची माळ तयार झालेली आहे. आओगाशिमा हा त्या माळेतील एका मोठ्या समुद्री ज्वालामुखीचा पाण्याबाहेर आलेला शेंडा आहे. चारही बाजूंना उभे कडे आहेत. वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच, आणि नैसर्गिक बंदर तर अजिबात नाही.

आत मात्र वेगळाच प्रकार आहे. बेटाच्या दक्षिण भागात सुमारे दीड किलोमीटर व्यासाचे खोलगट विवर आहे, त्याला इकेनोसावा म्हणतात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या उलथापालथीत ते तयार झाले. त्या विवराच्या तळाशी मारुयामा नावाची लहानशी शंकूसारखी टेकडी उभी आहे. पातेल्यात वाटी उलटी ठेवावी, तसे हे दिसते. पातेल्याच्या काठावरचा सर्वात उंच बिंदू ओतोम्बु हा आहे आणि त्याची उंची ४२३ मीटर आहे.

आता प्रश्न. पातेल्याच्या आत वारा लागत नाही, जमीन तुलनेने सपाट आणि उबदार आहे. असे असूनही आजची सगळी घरे त्या पातेल्याबाहेर, बेटाच्या उत्तर टोकाकडच्या उतरत्या पठारावर, निशिगो आणि यासुन्दोगो या दोन वाड्यांत आहेत. तिथे समुद्रावरचा वारा थेट अंगावर येतो आणि बंदर गाठायला मध्ये अख्खा डोंगर ओलांडावा लागतो. गाव जिथे बसायला हवे असे नकाशा सांगतो, तिथे ते नाही. माझ्या मते या एका विसंगतीत गावाचा सगळा पूर्वेतिहास दडलेला आहे. जाणकारांनी भर घालावी.


मुक्काम पोस्ट

धागा आवडला. इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक व्यावहारिक शंका विचारतो. सहा चौरस किलोमीटरच्या ज्वालामुखी बेटावर माणसे पीत काय होती? सच्छिद्र राखेच्या आणि लाव्हाच्या जमिनीवर नदी-ओढे टिकत नाहीत, असे भूगोलात शिकल्याचे आठवते.


नकाशेवाला

@मुक्काम पोस्ट, आपली आठवण बरोबर आहे. बेटावर वाहती नदी नाही. पाऊस भरपूर पडतो, पण पडला की मुरतो किंवा कड्यावरून समुद्रात जातो, त्यामुळे पाणी म्हणजे पावसाचे साठवलेले पाणी हेच समीकरण राहिले. आजही डोंगराच्या उताराचा एक मोठा पट्टा चक्क काँक्रीटने लिंपून काढलेला आहे. त्यावर पडलेला पाऊस घरंगळत खाली येतो, टाक्यांत जमा होतो आणि गाळून गावाला पुरवला जातो. दुरून पाहिले तर हिरव्या डोंगराच्या अंगावर कोणी राखाडी ठिगळ लावले आहे असे वाटते. आपल्याकडच्या गडांवर कातळ खोदून टाकी केली, तिथे गरज जी होती तीच इथे आहे. फरक इतकाच, की गडावर वेढा उठेपर्यंत पाणी पुरवायचे असते आणि इथे वेढा समुद्राचा असल्यामुळे तो उठण्याचा प्रश्नच नाही.


जुनी बखर

पूर्वेतिहासाबद्दल एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. या बेटाचा अगदी आरंभीचा इतिहास बेटावर लिहिला गेलेला नाही. तो शेजाऱ्यांनी लिहिला, आणि शेजारी जे लिहितो त्यात ऐकीव भाग मोठा असतो. त्यामुळे पहिली माणसे तिथे कधी पोचली, याचे नेमके साल शोधत बसण्यापेक्षा या बेटाबद्दल लोक काय समजत होते हे पाहणे अधिक फलदायी आहे.

हाचिजोजिमावर एक जुनी आख्यायिका आहे. स्त्री-पुरुष एकत्र राहिले तर देवाचा कोप होतो, अशी समजूत होती, म्हणून हाचिजोजिमावर फक्त स्त्रिया आणि आओगाशिमावर फक्त पुरुष राहत. वर्षातून एकदा दक्षिणेचा वारा सुटला की पुरुष होड्यांतून उत्तरेकडे येत. त्या वेळी स्त्रिया किनाऱ्यावर आपापल्या गवती चपला मांडून ठेवत, आणि ज्या पुरुषाने ज्या चपला पायात घातल्या त्याने त्या घरी जायचे. एका बेटाला बायकांचे बेट म्हणत आणि दुसऱ्याला ओनीगाशिमा, म्हणजे राक्षसांचे बेट.

‘होगेन मोनोगातारी’ या जुन्या युद्धकथेत मिनामोतो नो तामेतोमो या धनुर्धराची हकीकत येते. ११५६च्या होगेन बंडानंतर त्याला इझू ओशिमा बेटावर हद्दपार करण्यात आले. तिथून तो ११६५ साली राक्षसांच्या बेटावर गेला आणि तिथे त्याला धिप्पाड, केसाळ माणसे भेटली, असे त्या कथेत म्हटले आहे. हे बेट म्हणजेच आओगाशिमा, असे पुढे मानले गेले. चपलांच्या आख्यायिकेचा शेवटही तामेतोमोशीच जोडलेला आहे. त्याने स्त्रीबरोबर एकत्र संसार केला, कोणताही कोप झाला नाही आणि लोकांची भीती मोडली.

ही कथा खरी मानण्याचे कारण नाही. पण त्यातील वाऱ्याचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. दोन बेटांमधील प्रवास वर्षातील ठराविक दिवसांतच जमत असे आणि तो वाऱ्याच्या मर्जीवर होता, हे वास्तव कथेने बरोबर पकडले आहे.


तळटीप

‘जुनी बखर’ यांच्याशी सहमत. शासकीय दृष्टीने सांगायचे तर एदो काळात इझू बेटे थेट शोगुनाच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, ताब्यातील मुलूख होती आणि हाचिजोजिमा हे हद्दपारीचे ठिकाण होते. सेकिगाहाराच्या लढाईत हरलेला उकिता हिदेइए याला १६०६ साली तिथेच पाठवले. तिथून कर भाताच्या रूपाने नव्हे, तर रेशमी कापडाच्या रूपाने जाई. आओगाशिमा हाचिजोजिमाच्या आधाराने चालत असे. म्हणजे शोगुनाच्या दृष्टीने जे बेट जगाचे टोक, त्याच्याही पलीकडचे हे गाव. त्यामुळे त्याची नोंद दप्तरात येते ती बहुधा संकट आले की येते.


नकाशेवाला

@तळटीप, तेच संकट आता मांडतो, कारण माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

इकेनोसावा या नावाचा अर्थच तळ्याशी जोडलेला आहे. अठराव्या शतकात त्या विवराच्या तळाशी खरोखरच तळी होती, आणि आसपास शेती होती. जुलै १७८० मध्ये भूकंपाचे धक्के सुरू झाले. विवरात गरम पाणी उसळून आले आणि तळ्यांची पातळी वाढू लागली. पुढच्या वर्षी पुन्हा धक्के बसले आणि राख पडली. १० एप्रिल १७८३ रोजी मोठा उद्रेक झाला, पेटते दगड उत्तरेकडील वस्तीपर्यंत येऊन पडले आणि साठेक घरे जळून गेली. त्यातूनही लोक टिकून राहिले. शेवटी एप्रिल १७८५ मध्ये, म्हणजे तेन्मेई शकाच्या पाचव्या वर्षी, जो उद्रेक सुरू झाला त्याने बेट राहण्यायोग्य ठेवलेच नाही. विवर लाव्हाने भरले, तळी नाहीशी झाली आणि मारुयामाची टेकडी याच वर्षांत वर आली.

त्या वेळी बेटावर ३२७ माणसे होती. हाचिजोजिमाहून होड्या आल्या, पण त्यांत सगळे मावणे शक्य नव्हते. मागे राहिलेले १३० ते १४० जण मरण पावले, असा अंदाज आहे. सुमारे २०० जण वाचले.

म्हणजे जी जागा नकाशावर सर्वात सोयीची दिसते, ती ज्वालामुखीचे तोंड आहे. आणि उत्तरेचे पठार सुरक्षित म्हणावे, तर तिथेही पेटते दगड पोचले होते. बेटावर सुरक्षित अशी जागाच नाही. तोंडापासून दूर आणि तोंडाच्या जवळ, एवढाच काय तो फरक.


मुक्काम पोस्ट

अंगावर काटा आला. १७८३ हे साल वाचून चमकलो. आपल्याकडे सालबाईचा तह नुकताच झाला होता, तो हा काळ. याच वर्षी जपानच्या मुख्य बेटावरील आसामा ज्वालामुखीचाही उद्रेक झाला होता ना?


तळटीप

होय, ऑगस्ट १७८३ मध्ये. त्याच वर्षी आइसलंडमध्ये लाकी ज्वालामुखीचाही उद्रेक झाला. जपानमध्ये १७८२ पासून काही वर्षे तेन्मेईचा दुष्काळ चालू होता. हा तपशील इथे गौण नाही. आओगाशिमाचे निर्वासित ज्या हाचिजोजिमावर उतरले, तिथेही खायचे वांधे होते. दुष्काळात पाहुणा आला आणि तो दोन दिवसांनी न जाता चाळीस वर्षे राहिला, असे हे प्रकरण आहे. यजमानांचा आणि निर्वासितांचा, दोघांचाही विचार करावा लागतो.


जुनी बखर

आता त्या चाळीस वर्षांबद्दल.

परत जाऊन वसण्याच्या या खटाटोपाला जपानीत ‘कान्जू’ म्हणतात. हा शब्द आओगाशिमासाठी घडवलेला नाही. मध्ययुगीन कागदपत्रांत लढाईमुळे परागंदा झालेल्या रयतेला पुन्हा गावी आणून बसवण्यासाठी तो वापरलेला सापडतो. आपल्या जुन्या दप्तरांत उजाड गावाची लावणी करणे, रयतेला कौल देऊन वसवणे असे शब्दप्रयोग येतात, त्यांच्या जवळ जाणारी ही संज्ञा आहे.

पहिला प्रयत्न उद्रेकानंतर काही वर्षांतच झाला. सान्कुरो नावाचा नानुशी, म्हणजे ढोबळमानाने गावचा पाटील, त्यासाठी झटत होता. काही माणसे बेटावर पाठवून जमीन साफ करायची आणि पीक आले की बाकीच्यांना न्यायचे, असा विचार होता. पण उंदरांनी पीक फस्त केले आणि धान्य-माणसे घेऊन निघालेल्या होड्या वादळात सापडल्या. १७९०च्या दशकात त्यांतील होड्या भरकटत थेट मुख्य बेटावरच्या कीई प्रांताच्या किनाऱ्याला लागल्या. जायचे सत्तर किलोमीटरवर आणि पोचायचे कित्येकशे किलोमीटर दूर, तेही विरुद्ध दिशेला. तिथे कुरोशिओ हा प्रचंड सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे एकदा वारा फिरला की होडीच्या हातात काही उरत नसे. या धक्क्यांनंतर बरीच वर्षे सगळे ठप्प झाले.

१८१७ साली सासाकी जिरोदायु नानुशी झाला आणि त्याने प्रकरण नव्याने हाती घेतले. १८२४ मध्ये सगळे गाव परतले. १८३५ मध्ये जमिनीची मोजणी झाली आणि गाव पुन्हा सारा देण्याजोगे झाले, असे सरकारदरबारी ठरले. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९३३ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहिले, त्यानंतर ते जपानभर माहीत झाले. बायबलमध्ये आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढून मायदेशाकडे नेणारा मोझेस आहे, त्यावरून जिरोदायुला ‘आओगाशिमाचा मोझेस’ म्हणण्याची रीत आहे.


नकाशेवाला

मोझेसची उपमा मला मुळीच पटत नाही, आणि ती का पटत नाही हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

मोझेस म्हटले की एक पुढारी, त्याच्यामागे निघालेला जनसमुदाय आणि दुभंगलेला समुद्र डोळ्यांपुढे येतो. इथे समुद्र दुभंगला नाही. त्याने होड्या कीईपर्यंत भिरकावल्या. जिरोदायुचे मोठेपण माझ्या मते याच्या नेमके उलट आहे. त्याने लोकांना निघण्यापासून थोपवून धरले. किती माणसे आधी जाणार, त्यांना किती धान्य लागणार, होड्या किती, शेताचे काम किती, याचा आराखडा बांधून त्याने ते काम टप्प्याटप्प्याने नेले. १८१७ ते १८२४ ही सात वर्षे आणि पुढे मोजणीपर्यंतची आणखी अकरा वर्षे लक्षात घ्या. उद्रेकापासून मोजणीपर्यंत पन्नास वर्षे होतात. १७८५ साली होडीत बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी परतीचा दिवस पाहिलाच नसणार, आणि परतलेल्यांतील कितीतरी जण हाचिजोजिमावर जन्मलेले असणार. ज्या गावाला ते ‘परत’ गेले, ते त्यांनी आधी कधी पाहिलेलेही नव्हते.


सागरवेडी

मी काही वर्षे तोक्योत नोकरीनिमित्त होते आणि एका मे महिन्यात आओगाशिमाला जाऊन आले. इतिहासात भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही, पण पाहिलेले सांगते.

हाचिजोजिमाहून जहाजाला साधारण तीन तास लागतात, पण ते बेटावर लागेलच याची खात्री कोणी देत नाही. मी दोन दिवस थांबले, जहाज सुटले नाही, शेवटी हेलिकॉप्टरने गेले. त्यात नऊ जागा असतात आणि वीस मिनिटे लागतात. वरून पाहताना ‘नकाशेवाला’ यांचे पातेले आणि वाटी अगदी तशीच दिसते.

परत येताना जहाज मिळाले, तेव्हा सान्पो बंदर जवळून पाहता आले. कड्याला काँक्रीटचे जाड लिंपण केलेले आहे आणि पुढे धक्का. धक्क्यावर एकही मासेमारी बोट पाण्यात बांधलेली नव्हती. बोटी तारेला लटकवून कड्याच्या वर नेऊन ठेवतात, कारण रात्रीत लाटा उठल्या तर पाण्यातल्या बोटीचे तुकडे होतील. एक बोट माझ्या डोक्यावरून पाणी ठिबकवत हळूहळू वर जाताना पाहिली, आणि ‘नैसर्गिक बंदर नाही’ या वाक्याचा अर्थ तेव्हा कळला.

विवराच्या आत जमिनीच्या भेगांतून वाफ येते. गावकरी या वाफेच्या तोंडांना ‘हिंग्या’ म्हणतात. (मराठी माणसाला हसू येणारच, मलाही आले.) ‘हि नो गिवा’, म्हणजे आगीची कड, या शब्दांवरून ते नाव आल्याचे सांगतात. तिथे वाफेवर चालणारी कढई सर्वांसाठी ठेवलेली आहे. रताळी आणि अंडी जाळीत ठेवायची, झाकण लावायचे, नळ फिरवायचा आणि थांबायचे. तासाभराने झाकण उघडले तेव्हा रताळ्याची साल बोटाने नुसती सरकवली की निघत होती. ज्या विवराने गाव जाळले त्यातच आता गावाची सार्वजनिक वाफेची खोली आहे, आणि समुद्राचे पाणी त्याच वाफेवर आटवून मीठ करतात. रताळ्यांपासून ‘आओचू’ नावाची दारूही गाळतात. तिच्याबद्दल मत देण्याइतकी ती मी घेतली नाही.

जिरोदायुच्या घराची जागा उत्तरेच्या वस्तीत अजून दाखवतात. घर नाही, पण गोट्यांसारख्या गोल दगडांची भिंत उभी आहे आणि जवळ सायकसची प्रचंड झाडे आहेत. असेच गोल दगड देवळाच्या पायऱ्यांना आहेत, आणि त्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की मी हात टेकत चढले. हे समुद्राने घासलेले गोटे आहेत. कोणीतरी ते किनाऱ्यावरून कड्याच्या वर वाहून आणले असणार.


मुक्काम पोस्ट

@सागरवेडी, गोट्यांचा तपशील फार बोलका आहे. पत्ता शोधताना अडचण आली का?


सागरवेडी

पत्ता नव्हताच. अख्ख्या गावाचा टपाली पत्ता एकच आहे: ‘आओगाशिमा गाव, क्रमांक नाही’. घरक्रमांकच नाहीत, तरी टपाल बरोबर पोचते. आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर ‘शिनागावा’ची पाटी असते, म्हणजे तोक्योच्या मध्यवर्ती भागाची.


तळटीप

या दूरपणाचा एक शासकीय परिणामही नोंदवून ठेवतो. १८७८ मध्ये इझू बेटे शिझुओकाकडून तोक्योकडे आली. १८८१च्या सुमारास आओगाशिमाची लोकसंख्या साडेसातशेच्या वर पोचली होती, म्हणजे परतलेल्या दोनशे-अडीचशे माणसांची दोन पिढ्यांत तिप्पट. १९४० मध्ये गावाला रीतसर ग्रामव्यवस्था मिळाली. पण दळणवळणाच्या अडचणींमुळे इथल्या लोकांना राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मतदान करता आले ते १९५६ साली. त्याआधी ते तोक्योचे नागरिक होते, मात्र मतपेटी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.


जुनी बखर

@नकाशेवाला, मोझेसबद्दलचा आपला आक्षेप मान्य. फक्त एक पुरवणी जोडतो. आराखडा जिरोदायुचा खरा, पण त्याच्या आधी बुडालेल्या आणि भरकटलेल्या होड्यांशिवाय तो आराखडा तयार झाला नसता. एका खेपेत फार माणसे घालू नयेत, पीक हाती येण्याआधी कुटुंबे नेऊ नयेत, हे शहाणपण सान्कुरोच्या अपयशातून आलेले आहे. गौरव एकट्याचा होतो, म्हणून सान्कुरोचे नाव इथे पुन्हा लिहितो.

आणि याच समुद्रातील दुसरे उदाहरण सांगतो. आओगाशिमाच्या बरेच दक्षिणेला तोरिशिमा बेट आहे. तिथे वस्ती करून राहिलेली १२५ माणसे ऑगस्ट १९०२च्या उद्रेकात एकूण एक दगावली. तिथे पुन्हा कायमचे गाव बसले नाही.


नकाशेवाला

@जुनी बखर, सान्कुरोबद्दलची दुरुस्ती रास्त आहे. मी त्याच्यावर अन्याय केला.

माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. तोरिशिमाला उद्रेकातून वाचलेले कोणी नव्हते, म्हणून आपल्या गावी परतणारेही नव्हते. आओगाशिमाचे दोनशे लोक वाचले ते सत्तर किलोमीटरवर शेजारी होता म्हणून, आणि तो शेजारी उत्तरेला होता. उत्तरेच्या पठारावर राहणाऱ्याच्या नजरेसमोर हाचिजोजिमाची दिशा असते आणि पाठीशी विवर. आता वाटते की नकाशा मी उलटा धरून वाचत होतो.


मुक्काम पोस्ट

एक शेवटची शंका. सागरवेडी ज्या जहाजाने परतल्या, त्याचे नाव काय होते?


सागरवेडी

मी गेले तेव्हा ‘आओगाशिमा मारू’ होते, आणि आता ‘कुरोशिओ मारू’ आहे असे ऐकते. २०१४च्या आधी जे जहाज या मार्गावर होते, त्याचे नाव ‘कान्जू मारू’.